न्हाणीघरात जमलेली सोयरीक

माझ्या भाचीचं लग्न मी ठरवलं आणि मीच मोडलं. ठरवताना ते ठरतंय हे मला माहीत नव्हतं आणि मोडताना ते मोडायला मी तयार नव्हते. म्हणजे दोन्ही कामं माझ्या तोंडाने मला न विचारता परस्पर उरकली.

गोंदियात आमचं नळ, पाइप, बेसिन वगैरे सामानाचं दुकान आहे. धाकटी बहीण पुण्याला असते. तिची मुलगी सानिका एरवी मला वाढदिवसाच्या शुभेच्छाही दुसऱ्या दिवशी देते, पण यंदा दिवाळी झाल्या झाल्या तिचा फोन आला. "मावशी, मी गोंदियाला येते."

मी हरखलेच! "आठवण आली वाटतं मावशीची?"

"हो गं. आणि लूमोचं बालपण गोंदियात गेलंय ना."

लूमो हे मला अंगाच्या साबणाचं नाव वाटलं. तो गायक निघाला. निळे केस, एका कानात डूल, आणि गाताना कुणीतरी पोटावर बसल्यासारखा चेहरा. त्याचे वडील रेल्वेत होते. ते बदलीवर गोंदियाला असताना हे कुटुंब इथे भाड्याने राहिलं होतं म्हणे. "त्याने आयुष्यातलं पहिलं गाणं त्या घराच्या बाथरूममध्ये म्हटलं, मावशी! तसा आवाज त्याला पुढे मोठमोठ्या स्टुडिओतसुद्धा मिळाला नाही. मला तिथे उभं राहून एक ओळ गायचीय. बस, मग मी मरायला मोकळी."

मी इतकी वर्षं न्हाणीघराचं सामान विकते. न्हाणीघराबद्दल इतक्या भक्तीने बोलणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही.

पाठोपाठ बहिणीचा फोन. "ताई, तुझ्या भरवशावर पाठवतेय. इकडे एका घरी सानिकाचं बोलणं चाललंय. माणसं फार काटेकोर आहेत, तिच्या प्रत्येक फोटोवर नजर ठेवून असतात. तिथे काही घोळ घालू नकोस."

"मी? घोळ?" मी म्हटलं. त्या वेळी हा प्रश्न मला खरोखरच पडला होता.

सानिका आली आणि आमची यात्रा सुरू झाली. पहिलं ठाणं, स्टेशनवरचा पूल. तिथे लूमो म्हणे तासन्‌तास गाड्या बघत उभा राहायचा. सानिका कठड्याला हात लावून डोळे मिटणार, एवढ्यात मी तिचा हात मागे ओढला. त्या कठड्यावर भक्तीचा रंग नव्हता, पानाचा होता. दुसरं ठाणं, शाळा. तिला दिवाळीची सुट्टी. सानिका फाटकाच्या सळ्यांमधून फोटो काढायला लागली तर चौकीदार ओरडला, "मॅडम, ॲडमिशन बंद है!" तिसरं ठाणं, पोह्यांचा ठेला. इथे मात्र ठेलेवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "हाँ हाँ, लूमो यहीं खाता था." सानिकाचे डोळे भरून आले. ती फोटो काढत असताना मी हळूच विचारलं, "सच में?"

"भाभी, पहले मैं ना बोलता था. फिर देखा, ना बोलो तो लोग खाली फोटो खींचते हैं. हाँ बोलो तो पोहा भी खाते हैं."

धंदेवाईक माणूस. मी मनातल्या मनात नमस्कार केला.

राहिलं ते घर. सानिकाच्या फोनवर लूमोच्या भक्तमंडळींनी एक नकाशा तयार केला होता, त्यावर एक ठिपका होता आणि तो ठिपका सारखा हलत होता. "हिरवं दार, दारात कडुनिंब, रेल्वे लाइनच्या पलीकडे," तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "ठेव तो फोन. जन्म गेला माझा या गावात. ते रहांगडाल्यांचं घर आहे." ओळख नव्हती, पण येता-जाता ते दार मी पाहिलेलं होतं.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. बाजार भरतो, नाटकं होतात आणि त्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात. लग्नाची मुलं-मुली पाहण्याचं कामही याच दिवसांत उरकतं. मात्र तसं तोंडाने कुणी म्हणत नाही! मुलीकडची माणसं म्हणतात, "सहज आलो जी." मग चहा घ्यायचा, घर पाहायचं, विहीर पाहायची, पोरगा काय करतो ते वाकड्या वाटेने विचारायचं आणि निघायचं. माझं सासर माझ्या वडिलांनी असंच 'सहज' पाहिलं होतं. ही रीत मला पक्की ठाऊक आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या प्रकाराबद्दल कुणी मला दया दाखवायला नको.

वाटेत मी विचार केला, एवढी शिकलेली मुलगी पुण्याहून कुणाचं तरी न्हाणीघर पाहायला आली, हे लोकांना सांगायचं कसं? म्हणून सानिकाला बजावलं, "आत गेल्या गेल्या ते लूमोबिमो काढू नकोस. आधी जरा बसू, बोलू, मग बघू." कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पावशेर पेढे घेतले. मी जरीच्या काठाची साडी नेसले होते, सानिका फोटो काढायचे म्हणून नव्या पंजाबी ड्रेसमध्ये. अशा आम्ही दोघी हिरव्या दारात उभ्या राहिलो.

एका बाईने दार उघडलं. "कोन पाहिजे जी?"

"सहज आलो," मी म्हटलं. "इकडून जात होतो. ही माझी भाची, पुण्याची."

बाईंनी माझी साडी पाहिली. पेढ्यांचा पुडा पाहिला. सानिकाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आणि त्यांचा चेहरा दिवाळीच्या दिव्यासारखा उजळला. "या ना जी! या, या! अवो, आयकता का? पाहुने आले!"

आतून त्यांचे यजमान सदऱ्याच्या गुंड्या लावत धावत आले. खुर्च्या पुसल्या गेल्या. पंखा सुरू झाला. (थंडी होती. बंद करा म्हणायचा धीर झाला नाही.)

"मावशी, किती प्रेमळ माणसं!" सानिका कुजबुजली.

"आमच्याकडची माणसं असतातच अशी," मी अभिमानाने म्हटलं.

"माहेर कोनतं जी तुमचं?" बाईंनी विचारलं.

"तिरोड्याकडचं."

"म्हंजे आपल्यातलेच!" त्या यजमानांकडे बघून म्हणाल्या. यजमानांनी मान डोलावली आणि सानिकाकडे वळले. "नोकरी कोन्या गावाले करता बाई?"

"पुण्याला. पण मी बरेचदा घरूनच काम करते."

"मंग इथून बी करता येते?"

"नेट असेल तर कुठूनही करता येतं."

"हाये ना नेट!" यजमान खुर्चीतून अर्धे उठले. "टावर घराच्या मागंच हाये!"

टॉवरचा इतका आनंद होणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. तेवढ्यात सानिकाचा धीर सुटला आणि तिने एकदम विचारून टाकलं, "काका, मला तुमचं बाथरूम बघायला मिळेल का?"

मला वाटलं, आता हाकलतात! पण यजमान गंभीरपणे म्हणाले, "बरोबर हाये. आजकालच्या पोरीयनं आधी तेच पाहाले पाहिजे. मंग मांगून कटकट नोको. दाखव वो."

आम्ही सगळे मिरवणुकीने न्हाणीत गेलो. सानिकाने फोन खिडकीत उभा केला, भिंतीवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि लूमोच्या गाण्याची एक ओळ म्हटली. आवाज खरंच छान घुमला.

"आपन म्हनलं बी नाई, तरी गायली!" बाई दाराबाहेर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या.

"संस्कार हाये," यजमान म्हणाले.

माझं मात्र लक्ष गाण्याकडे नव्हतं. कोपऱ्यातला नळ गळत होता आणि टपटपणारा नळ दिसला की माझ्याच्याने गप्प राहवत नाही. "हा नळ बदला," मी म्हटलं. "आणि हा उतार कुणी काढलाय? पाणी मोरीकडे जायचं सोडून दाराकडे येतंय!"

"मीच काढला जी," यजमान म्हणाले.

"दिसतंच आहे. आणि ही फरशी? घरात उद्या नवं माणूस आलं तर पहिल्याच दिवशी आपटेल."

"बदलवून टाकू जी," यजमान खालमानेने म्हणाले. "एकदा दिवस ठरला का नळ, फरशी, सप्पाच बदलवून टाकू."

"दिवस कशाला ठरवायचा? उद्याच करा! शुभस्य शीघ्रम्." आणि मी त्यांच्या हातात आमच्या दुकानाचं कार्ड ठेवलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे असं पाहिलं की मला वाटलं, नळाच्या विषयात इतका जीव असलेली माणसं आता उरली नाहीत.

बाहेर येतो तो अंगणात एक उंच, घामाघूम तरुण उभा. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली चिखलाने माखलेली पँट आणि केसांत धानाचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा. "हा आमचा विजय," बाई म्हणाल्या. "बांधीतून बलावला." बांधी म्हणजे धानाचं शेत.

हा लूमोच्या वयाचा दिसतो, म्हणजे त्याच्या बरोबर खेळलेला असणार, असा हिशेब सानिकाने केला. "तुम्ही लहानपणापासून इथेच आहात?"

"हो."

"तुम्हीही गाता?"

"नाई."

"मग काय करता?"

"धान."

"हार्वेस्टर हाये त्याचं!" आई घाईघाईने म्हणाल्या. "सोताचं!"

"एक फोटो काढूया का आपण?" सानिका म्हणाली. "बाथरूमच्या दारात?"

विजयचे कान लाल झाले. त्याच्या आईने मागच्या मागे देवाला हात जोडले. "पोट्टीनंच म्हनलं जी फोटो काढाले!"

त्याच वेळी माझा फोन वाजला. गिऱ्हाइकाला पाइप हवे होते आणि त्याला पाइपाची जाडी ठाऊक नव्हती. मी कोपऱ्यात जाऊन त्याला समजावत होते, तेव्हा बाई तबक घेऊन आल्या. त्यांनी सानिकाला कुंकू लावलं, तिच्या ओढणीत नारळ आणि खण घातला आणि आम्हीच आणलेला पेढा तिच्या तोंडात भरवला. तिने मागितलेला फोटोही तेव्हाच निघाला. सानिकाने माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "घे गं, घे. दिलेलं नाही म्हणू नये."

"तुमची काई हरकत नाई ना जी?" यजमानांनी मला विचारलं.

"अहो, मला कसली हरकत?" मी म्हटलं आणि पुन्हा पाइपाकडे वळले.

संध्याकाळच्या गाडीने सानिका तृप्त होऊन पुण्याला गेली. नारळ आमच्याकडेच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात इडली होती. आमचे हे चटणीवर ताव मारत होते आणि पुण्याहून फोन आला.

"ताई!" बहीण एवढ्या मोठ्याने ओरडली की आमच्या ह्यांनी चटणीची वाटी पदरात घेतल्यासारखी जवळ ओढली. "तू तिचं लग्न ठरवलंस?"

"कुणाचं?"

"सानिकाचं! फोटो टाकलाय तिने! कपाळाला कुंकू, ओटीत नारळ, तोंडात पेढा आणि शेजारी केसांत गवत घातलेला एक मुलगा! आणि खाली लिहिलंय, 'आज माझं स्वप्न पूर्ण झालं'! इकडच्या लोकांचा सकाळीच फोन आला, अभिनंदन म्हणून!"

"अगं, ते कुटार आहे, गवत नाही," मी म्हटलं. (माणूस गोंधळला की त्याला जे ठाऊक असतं ते तो आधी सांगतो.) मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. सहज आलो. पेढे. टॉवर. दिवस ठरला का बदलवून टाकू. उद्याच करा! मला कसली हरकत!

आमचे हे म्हणाले, "चटणी घे, झकास झालीय."

"कुठल्या नारळाची?"

"तो काल आणलेला."

म्हणजे सोयरिकीचा नारळ आमच्या ह्यांच्या पोटात होता. तेवढ्यात दुकानाच्या नंबरावर फोन. "रहांगडाले बोलून राहिलो जी. पुन्याले कवा निघाचं? गाडी सांगून ठेवा लागते."

"मी येते," मी म्हटलं. "मी स्वतः येऊन बोलते. तोवर गाडी सांगू नका."

पण जायचं कसं? गोंदिया एवढं मोठं नाही. लोकांच्या अंगणात जाऊन नारळ घ्यायचा, पेढा खायचा आणि मग 'नाही, आम्ही फक्त न्हाणी पाहायला आलो होतो' म्हणायचं? त्या बाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं असणार. त्या पोराला बांधीतून बोलावून आणला, इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. धान पिकवणाऱ्या पोरांना आता मुली मिळत नाहीत हे मला काय ठाऊक नाही? बरं, शब्द पाळावा तर बहीण मला जन्मभर घरात घेणार नाही. मोडावा तर एक भलं घर गावासमोर खाली मान घालणार. आणि सानिका? ती फोनवर म्हणाली, "मावशी, असं काही नव्हतं गं! ती तर तिकडची वेलकम करायची पद्धत आहे ना?"

आमचे हे मुलाचे वडील झाले आणि मी त्यांच्यासमोर नकाराची तालीम केली. "आमच्या मनात तसं नव्हतं हो," मी म्हणायचे. "मग मनात काय होतं?" हे विचारायचे. "न्हाणीघर," मी म्हणायचे. आणि हे हसत सुटायचे. तालीम काही पुढे सरकेना. शेवटी दोन-तीन दिवसांनी, दुकानात काम असल्याची सगळी सोंगं संपली, तेव्हा मी नवा नारळ घेतला आणि निघाले.

हिरव्या दारातून दोन मुली बाहेर पडत होत्या. गुडघ्यावर फाटलेल्या विजारी, हातात फोन, चेहऱ्यावर देवदर्शन झाल्याचं तेज. हे तेज मी ओळखलं. सानिकाने आपल्या गाण्याचा व्हिडिओ भक्तमंडळींत टाकला होता, जागेच्या खुणेसकट!

बाईंनी मला आत घेतलं, पण या वेळी पंखा लागला नाही. मी नारळ मांडीवर ठेवला, घसा खाकरला. "मी काय म्हणत होते..."

"आधी आमचं आयका जी," यजमान म्हणाले. "राग नोका मानू. तुमच्या पाठोपाठ लय स्थळं येऊन राहिले. नागपूरचं आलं, रायपूरचं आलं, आता ह्या दोघी येऊन गेल्या. सप्प्या पोरीयले न्हानी पाहाची असते. अन्‌ सप्प्या गाऊन दाखवतेत! आमाले का माहीत होतं, आपल्या विजयले एवढी मागनी हाये म्हून?"

मी विजयकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता. आता पँटही इस्त्रीची होती.

"तुमची पोट्टी चांगली हाये," यजमान पुढे म्हणाले. "तिच्यात काई खोट नाई. पन..."

"पण काय?"

"मावशी जड हाये."

"काय?"

"अजून बैठक झाली नाई, तं तुमी नळ बदलवाले सांगितला. उतार चुकला म्हनलं. फरशी खराब म्हनलं. उद्या लगन झाल्यावर तं तुमी भिंती बी पाडाले लावान! म्हून म्हनलं, हे सोयरीक आपल्याले झेपनार नाई."

हेच तर मला हवं होतं! शहाण्या बाईने नारळ खाली ठेवला असता, हात जोडले असते आणि घरी जाऊन चहा घेतला असता. पण नकार ऐकायची मला सवय नाही.

"ऐका!" मी म्हटलं. "सानिकासारखी मुलगी दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही! शिकलेली, कमावती, स्वभावाने गाय! घरबसल्या नोकरी! आणि तुमचा टॉवर मागेच आहे की! त्या फाटक्या विजारींपैकी एक तरी इथे राहून काम करेल का, विचारा! आणि उताराचं म्हणाल तर चुकला तो चुकलाच, पण माझं बोलणं मनावर घेऊन तुम्ही..."

"तसं म्हनता तं..." यजमानांनी बायकोकडे पाहिलं. "इचार कराले काई हरकत नाई."

विजयने केसांवरून हात फिरवला.

आपण काय करतोय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ताडकन उठले, नारळ यजमानांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "नको, नको! तुमचंच बरोबर! मावशी जड आहे! फार जड आहे!"

चपला घालताना आठवलं म्हणून बाईंना विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी कुणी रेल्वेवाले भाड्याने होते ना?"

"आमच्या इथं? नाई जी, आमच्या घरी कवाच किरायदार नोहोता. रेल्वेबाबू मांगच्या गल्लीत राहे. त्याच्या बी घराले हिरवं दार होतं. ते घर कवाचं पाडलं, आता तिथं गाड्या उभ्या राह्यतेत."

सानिकाला हे मी अजून सांगितलेलं नाही. तिच्या व्हिडिओखाली भक्तमंडळींनी लिहिलंय की इथला घुमारा ऐकताक्षणीच ओळखू येतो, असा दुसरीकडे कुठेच नाही. आता गाड्या उभ्या राहतात तिथे कोण गाणार?

बहिणीला फोन करून सांगितलं, "सुटलो. त्यांनीच नाही म्हटलं. त्या पुण्याच्या लोकांना सांग, आमच्याकडे पाहुण्यांना नारळ द्यायची पद्धत आहे."

बहीण म्हणाली, "नाही म्हटलं? का? काय कमी आहे माझ्या मुलीत?"

"तुझ्या मुलीत काही नाही. तिच्या मावशीत जास्त आहे."

परवा सानिकाने मला एक नवा व्हिडिओ पाठवला. कुणी तरी रायपूरची मुलगी त्याच न्हाणीत डोळे मिटून गात होती. गाण्याकडे माझं लक्ष नव्हतं. मी चित्र थांबवलं, मोठं केलं आणि चष्मा लावून पाहिलं. उतार नीट मोरीकडे काढलेला होता. खरखरीत नवी फरशी. नवा नळ, एक थेंब गळत नव्हता. मी सांगितलं होतं तस्संच, शब्दन्‌शब्द!

फक्त तो नळ ज्या कंपनीचा होता, त्या कंपनीचं सामान आम्ही ठेवत नाही. ते आमच्या समोरच्या दुकानात मिळतं.